बसऱ्याचे बाबा आणि देवघरातली ताटली

आमच्या घरात "बसऱ्याचे बाबा" हे नाव मी लहानपणापासून ऐकत आले. सर्वपित्रीला पानं वाढताना आजी एकेकाचं नाव घेते, सासऱ्यांचं, सासूबाईंचं, आजोबांचं, आणि सगळ्यात शेवटी एक पान जरा बाजूला सरकवून म्हणते "आणि हे बसऱ्याच्या बाबांचं". लहान असताना मला वाटायचं की हे बाबा मोत्यांचे व्यापारी असणार. कारण बसरा म्हणलं की नथ, एवढंच माहीत. सराफबाजारात आजी नथ गाठवायला न्यायची तेव्हा तो सराफ मोती बोटावर फिरवत "अस्सल बसरा आहे आजी, विकू नका" म्हणायचा, तर माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की हे मोती बाबांनीच पाठवले. जरा मोठी झाल्यावर कळलं की ते माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकातल्या बसरा शहराकडे गेले आणि तिकडेच वारले. वय एकोणीस-वीस. वीस वर्षांच्या पोराला "बाबा" का म्हणायचं तर मेलेला माणूस वडीलधाराच होतो म्हणून, बाकी काही नाही.

ते वारले कसे याची घरातली स्टोरी तात्यांकडे, म्हणजे माझ्या मोठ्या काकांकडे. तात्यांच्या स्टोरीत बाबा सुभेदार आहेत, बगदाद जिंकायच्या दिवशी तुर्कांच्या तोफेवर चालून गेलेत आणि "छत्रपती शिवाजी महाराज की जय" म्हणत पडलेत. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत कोणी नवीन जावई सापडला की त्याला ही स्टोरी ऐकावीच लागते. माझ्या नवऱ्याने तर तीनदा ऐकलीय आणि तिन्ही वेळा तोफांची संख्या वेगळी होती.

तर हे सगळं सुरू झालं ते जुन्या नाशकातला आमचा वाडा खाली करताना. बिल्डरकडे द्यायचा ठरला, आजीला नाशिकरोडला माझ्या भावाकडे आणायचं, मग माळे उपसायचे, तांब्यापितळेची भांडी मोडीत काढायची, तेच जे सगळ्यांच्या घरी होतं ते. देवघर मात्र आजी कोणाला आवरू देईना. मला एकटीला परवानगी, तेही आंघोळ करून. टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख असं एकेक कपड्यात गुंडाळत होते आणि सगळ्यात मागे भिंतीला टेकवलेली ती ताटली. तिला मी जन्मापासून बघतेय पण कधी हातात घेतली नव्हती. घरात तिला "वणीची आई" म्हणायचे. गोल, साधारण पावणेपाच इंचाची, चांगली जड, पितळेपेक्षा काळपट. वर हळदीकुंकवाचा असा थर की मेणासारखा झालेला. मधे एक उभी बाई, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. आता सांगा, सप्तशृंगीच्या जिल्ह्यात सिंह आणि त्रिशूळवाली बाई घरात आली तर ती दुसरी कोण असणार?

मी म्हणलं जरा धुवून मग गुंडाळू. चिंच आणि रांगोळी घेऊन घासायला बसले आणि थर निघायला लागला तसं कडेकडेने इंग्रजी अक्षरं दिसायला लागली. वणीच्या आईला इंग्रजी अक्षरं कशी? बाईच्या डोक्यावर मुकुट नव्हता तर शिरस्त्राण होतं, दुसऱ्या हातात पानांची वेणी केलेलं कडं, आजूबाजूला चक्क दोन मासे, आणि एकदम खाली अजून एक बारका सिंह कुठल्यातरी पक्ष्याला फाडताना. फोनवर फोटो काढून सर्च मारला आणि मग तिथंच मोरीत ओल्या हातांनी अर्धा तास वाचत बसले.

ती बाई देवी नाहीच. ती ब्रिटानिया, म्हणजे इंग्रजांची भारतमाता म्हणा. पहिल्या महायुद्धात जे मेले त्यांच्या घरच्यांना ब्रिटिश सरकारने युद्धानंतर ही ब्राँझची ताटली पाठवली होती, जवळजवळ साडेतेरा लाख बनवल्या होत्या म्हणे, आणि तिकडचे लोक तिला "मेलेल्या माणसाचा पेनी" म्हणायचे कारण दिसायला त्यांच्या पेनीच्या नाण्यासारखी. कडेने जे लिहिलंय त्याचा अर्थ "स्वातंत्र्य आणि सन्मान यासाठी तो मरण पावला". स्वातंत्र्य! १९१५ सालच्या हिंदुस्थानातल्या शिपायाच्या ताटलीवर! याच नाशकात विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, वय अठरा. आणि पाचच वर्षांनी त्याच जिल्ह्यातला एकोणीस-वीसचा आमचा पोरगा त्याच सरकारच्या पगारावर, महिना अकरा रुपये, समुद्रापार गेला. मला यात कोणाला बरोबर-चूक ठरवायचं नाहीये, अकरा रुपये त्या काळी सिन्नर तालुक्यातल्या कोरडवाहू घराला काय होते ते मला कळतं. फक्त मोरीत बसल्या बसल्या दोन्ही पोरं एकदम डोक्यात आली एवढंच.

आजीला सांगितलं तर आजी म्हणाली "मला ठाऊक आहे की". मी थक्कच. तिच्या सासूने तिला लग्न झाल्यावर पहिल्याच नवरात्रात सांगितलं होतं की ही ताटली पोष्टाने आली, बाबांच्या आईच्या हातात पडली, बाबांच्या आईने ती पदरात धरली आणि सरळ देवात नेऊन ठेवली, आणि कोणी विचारलं की वणीची आई आहे म्हणून सांगायची. "तिला काय दिसत नव्हतं का वणीची नाही ते? पण मेलेल्या पोराची खूण माळ्यावर कशी टाकणार, आणि देवात ठेवायची तर देवाचं नाव नको का?" आजीने हे इतकं सहज सांगितलं, आणि वर मला म्हणाली की आता घासलीसच आहे तर नीट घास, कडा राहिल्यात.

एक चांदीचं मेडलपण आलेलं. ते कुठंय तर आत्याबाईंच्या लग्नात त्याच्या जोडव्या झाल्या. हे महत्त्वाचं का, तर त्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, पलटण सगळं ठोकलेलं असतं. आणि ताटलीवर? ताटलीवर फक्त नाव. हुद्दा नाही, पलटण नाही, कारण मरणात सगळे सारखे असा त्यांचा विचार. विचार चांगलाय हो, पण शोधणाऱ्याची पंचाईत. आणि आमच्या ताटलीवर नावाच्या चौकटीवरच शंभर वर्षं कुंकवाचं बोट फिरलेलं, दर दसऱ्याला चिंचेने घासलेलं, त्यामुळे अक्षरं जवळजवळ सपाट. मग माझ्या मुलीने आयडिया काढली. बटर पेपर ठेवून वरून पेन्सिल आडवी धरून घासायची, शाळेत नाण्याची करतात ना तशी. तीनचार पेपर फुकट गेले, मग पहिलं नाव पूर्ण आणि आडनावाची पहिली दोन आणि शेवटचं एक अक्षर उमटलं. (नाव इथं लिहीत नाही, तात्यांनी शपथ घातलीय.)

आता खरी मजा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून संस्था आहे, दोन्ही महायुद्धात मेलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं तीच सांभाळते, त्यांच्याकडे नावांचा ऑनलाइन शोध आहे आणि फुकट आहे. पण आपली नावं तिथं शोधायची म्हणजे आधी डोक्यातून मराठी काढून टाकायची आणि आपण एक दमलेला गोरा कारकून आहोत, समोरचा पोरगा नाव सांगतोय आणि आपल्याला जेवायला जायचंय, अशा मूडमध्ये स्पेलिंग करायचं. सखारामचं सुकरम होऊ शकतं, तुकारामचं तूकाराम, शेवटचा ए कधी असेल कधी नसेल. आमच्या आडनावाची मी सात स्पेलिंगं करून पाहिली. नाशिकचं स्पेलिंग तर जुनं, "नासिक". गावाचं नाव तर विचारूच नका. आणि तात्यांच्या हिशोबाने बगदाद जिंकतानाची गोष्ट, बगदाद पडलं ११ मार्च १९१७ ला, म्हणून मी १९१७ आणि १८ धरून बसलेली. दीड महिना रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप. एकही धड सापडेना. एकदा तर सापडलेच असं वाटून घरभर नाचले तर ते रत्नागिरीचे निघाले.

मधे एका सरकारी ऑफिसात पण जाऊन आले. कुठलं ते सांगत नाही. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले "मॅडम, सैनिकाचं डिस्चार्ज बुक आणा". म्हणलं ते डिस्चार्ज झालेच नाहीत ना, वारले. तर म्हणाले मग मृत्यूचा दाखला आणा. म्हणलं तोच शोधतेय. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो आणि त्यांनी चहा सांगितला. चहा मात्र चांगला होता.

पंजाबचं बघा, तिथल्या गावोगावच्या सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या म्युझियममध्ये पडून होती ती २०२१ पासून डिजिटल करून खुली केली, सव्वातीन लाखांच्या आसपास नावं, गाव टाकायचं आणि बघायचं. मला तर नुसती असूया झाली. आपल्याकडे काय, तर आमच्या गावात जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, त्यावर इंग्रजीत लिहिलंय की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत. नाव एकाचंही नाही. लहानपणी आम्ही त्या पाटीखाली गोट्या खेळायचो.

सुटका झाली ती भलत्याच ठिकाणी. देवळाली कॅम्पात माझी मैत्रीण राहते, तिचे सासरे आर्टिलरीतून रिटायर झालेले, त्यांच्याकडे गेले होते. ते मला कॅम्पातली गोऱ्यांची जुनी दफनभूमी दाखवायला घेऊन गेले. देवळाली म्हणजे गोऱ्या सैनिकांचा मोठा अड्डा होता, विलायतेची बोट मिळेपर्यंत त्यांना इथंच ठेवायचे आणि उन्हात वाट बघून बघून त्यांची डोकी फिरायची, इंग्रजीत वेड लागलेल्याला "डूलाली" म्हणतात तो शब्द आपल्या देवळालीवरून आलाय. पण सगळ्यांनाच बोट मिळाली असं नाही ना, कोणी तापाने गेला, कोणी पटकीने. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी आता नीट सांभाळता येत नाहीत अशा अठराशेवर सैनिकांची नावं पुण्यात खडकीच्या स्मारकावर कोरलेली आहेत. म्हणजे त्यांच्या आईला सुद्धा तीच ताटली पोष्टाने गेली असणार. त्या गवतात उभं राहून मी मैत्रिणीच्या सासऱ्यांना सगळी रडकथा सांगितली तर ते म्हणाले, "अगं, इंग्रजांच्या कागदात काय शोधतेस? मेल्यावर घरच्यांनी क्रिया कुठं केली असेल? रामकुंडावर. उपाध्यांची वही बघितलीस का?"

मी कपाळावर हात मारला. नाशकात जन्म गेला आणि हे सुचलं नाही! बाहेरून लोक येतात, गुजरातेतून, कर्नाटकातून, आणि रामकुंडावरच्या उपाध्यांकडे आपल्या सात पिढ्यांची नावं बघून रडतात, आणि मी दहा मिनिटांवर राहणारी विलायतेच्या वेबसाइटवर डोळे फोडतेय.

आमचे उपाध्ये कोण हे आजीला पाठ. तिथं गेले. पहिला प्रश्न, गाव कुठलं, आडनाव काय, आणि दुसरा, "घरातलं पुरुषमाणूस कुठंय?" मी म्हणलं मी माहेरची चौकशी करतेय. तर "मग तुमचे भाऊ नाहीतर काका येऊ द्या". अशा वेळी भांडण्यात अर्थ नसतो, काम महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी तात्यांना घेऊन गेले. तात्या खुशीत, झब्बा वगैरे घालून. गुरुजींनी लाल फडक्यातून लांबट वह्या काढल्या, गावाची पानं उलटली, वर आमच्या आजोबांची सही मला ओळखू आली, तिचा शेवटचा फराटा अगदी माझ्या वडलांसारखा, तिथंच घसा दाटला. त्याच्या मागे गेलो तर सगळं मोडी. गुरुजी म्हणाले आमच्या वडलांना यायचं, मला अडखळत येतं. फोटो काढू दिला हे उपकार.

मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर भेटले, गंगापूर रोडला राहतात, मोडीचे क्लास घेतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, भिंग लावून, एकेक अक्षर बोटाने धरत वाचलं. मला वाटलेलं पानभर काहीतरी असेल. चारच ओळी. शके १८३७ पौष, पणजोबांचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि मग असं की धाकटे बंधू लढाईवर बसऱ्याकडे गेले ते तिथं हगवणीच्या विकाराने मयत झाले, सबब पालाशविधी केला. पालाशविधी म्हणजे ज्याचा देह मिळाला नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करतात तो. मास्तरांनी "हगवण" दोनदा वाचलं. मी विचारलं नक्की? ते म्हणाले, "मोडीत ह, ग, व, ण, दुसरं काय होणार बाई".

तात्या शेजारीच बसलेले. काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले "हे फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस". मी म्हणलं का? "का म्हणजे? हगवणीने मेला असं सांगायचं लोकांना?"

शके १८३७ पौष म्हणजे जानेवारी १९१६. म्हणजे मरण त्याच्या आधी, १९१५ मधे! मी दोन वर्षं पुढे शोधत होते तात्यांच्या तोफांमुळे. त्या रात्री साल बदलून, बापाचं नाव टाकून शोधलं आणि दहाव्या मिनिटाला समोर. स्पेलिंग माझ्या सातातलं एकही नव्हतं, आठवंच. शिपाई, ११७ वी मराठा पलटण. ऑगस्ट १९१५ चा शेवटचा आठवडा. अमक्याचा मुलगा, गाव अमुक, सिन्नर, नासिक. गावाच्या नावातलं एक अक्षर गिळलेलं. स्मारक, बसरा. मी नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला "सुभेदार नाहीत का मग?" आणि परत झोपला.

नंतर महिनाभर मी फक्त मेसोपोटेमिया वाचत होते, म्हणजे आजचा इराक. ११७ वी ही सहाव्या पुणे डिव्हिजनमधली. नोव्हेंबर १९१४ मधे त्या डिव्हिजनने बसरा घेतलं, एप्रिल १९१५ मधे शैबाची लढाई झाली त्यात ही पलटण होती, जूनमधे अमारा शहर पडलं. म्हणजे बाबा लढले असणार हो, तात्या अगदीच खोटे नाहीत. पण मग आला तिकडचा उन्हाळा. आपल्या मालेगावला बेचाळीस-त्रेचाळीस झालं की आपण बोंबलतो, तिकडे सावलीत त्याच्याही वर, तंबूत माणूस नुसता पडून राहिला तरी उष्माघाताने जायचा. प्यायला टायग्रिस नदीचं पाणी, तेच पाणी घोड्यांना, खेचरांना, वर माश्या अशा की घास तोंडात जाईपर्यंत काळा. ताजी भाजी नावाला. देशी शिपायाचं रेशन गोऱ्याच्या रेशनपेक्षा हलकं, आटा-डाळ-तूप असं, त्यात हिरवं काही नाही, म्हणून पुढे देशी पलटणींमधे स्कर्व्हीने हिरड्या सुजून, सांधे धरून माणसं हजारोंनी पडली. ज्या पोराच्या बांधावर पावसाळ्यात चिघळाची भाजी न लावता उगवते, परसात लिंबू आहे, त्याला तिकडे हिरवं पान दिसलं नसेल.

डॉक्टर कमी, औषधं कमी, आजाऱ्यांना न्यायला बोटी नाहीत. कारभार सगळा सिमल्यातून, खर्च वाचवायचा. पुढे याचा एवढा बभ्रा झाला की मेसोपोटेमिया कमिशन नेमावं लागलं, १९१७ मधे त्याचा रिपोर्ट आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनला राजीनामा द्यावा लागला. त्या सगळ्या मोहिमेत लढाईत जागच्या जागी मेले ते अकरा हजार, आणि आजाराने मेले ते साडेबारा हजारांच्या वर. आणि तात्यांसाठी मुद्दाम शोधून काढलेली गोष्ट ही की ज्या जनरल मॉडने बगदाद जिंकलं तो सुद्धा गोळीने नाही, नोव्हेंबर १९१७ मधे बगदादमधेच पटकीने गेला. हे मी तात्यांना फोन करून सांगितलं. तात्या म्हणाले, "पटकी वेगळी".

एक गोष्ट मला अजून टोचते. मीठ-साखरेचं पाणी. १९७१ मधे बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनोबीसांनी हेच पाणी ड्रमच्या ड्रम करून पाजलं आणि कॉलऱ्याची माणसं वाचवली. आज पोराला जुलाब झाले की आपण मेडिकलमधून पुडी आणतो. हगवण आणि पटकी एक नाही हे मला कळतं, पण अंगातलं पाणी संपूनच जातो ना माणूस.

आणि समजा त्या ऑगस्टमधून ते उठले असते, तर काय? डिसेंबर १९१५ पासून तीच पलटण तिकडच्या कूत नावाच्या गावात तुर्कांच्या वेढ्यात, जवळजवळ पाच महिने, शेवटी घोडी मारून खाल्ली, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती आणि तिथून तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून पायी. हे वाचल्यावर आजी म्हणाली "मग लवकर सुटला म्हणायचं". मला नाही वाटत तसं, पण आजीशी काय वाद घालणार.

स्मारकाचंही ऐका. बसऱ्याचं स्मारक, चाळीस हजारांवर माणसांचं, ज्यांची कबर माहीत नाही अशांचं. त्यावर गोऱ्यांची नावं आहेत, देशी पलटणीतल्या अधिकाऱ्यांची आहेत, पण साध्या देशी शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. आमच्या चावडीच्या पाटीसारखंच. नावं वेगळी वहीत लिहून ठेवलेली. २०२१ मधे कमिशनने स्वतःच अहवाल काढून कबूल केलं की अशा काळ्या-सावळ्या सैनिकांना सारखं वागवलं गेलं नाही. आणि ते स्मारक सुद्धा आता मूळच्या जागी नाही, १९९७ मधे सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते शहरापासून बत्तीस किलोमीटरवर नासिरियाच्या रस्त्याला नेऊन बसवलं. तात्यांना वाटत होतं एकदा जाऊन फूल वाहू. म्हणलं तात्या, वाहायचं कुठं, आकड्यावर?

गावाच्या नावातलं ते गिळलेलं अक्षर दुरुस्त करा म्हणून मी कमिशनला लिहिलंय, वहीचा फोटो, ताटलीचा फोटो जोडून. बघू.

फॅमिली ग्रुपवर मी टाकलंच शेवटी. तात्या दोन दिवस ग्रुप सोडून गेले, मग परत आले. आतेभावाने "वीरमरण" असं लिहून तिरंगा टाकला, १९१५ चा माणूस आणि तिरंगा, असो. परवाच्या लग्नात तात्यांच्या तोंडून मी परत स्टोरी ऐकली. बाबा आता शिपाई आहेत आणि शैबाला आहेत, एवढी सुधारणा, पण पडतात अजून तोफेसमोरच.

यंदाच्या सर्वपित्रीला आजीकडे, म्हणजे नाशिकरोडच्या फ्लॅटमधे. तिथी आता कळली होती, ऑगस्टच्या त्या आठवड्यात राखीपौर्णिमा येऊन गेली होती, पण आजी म्हणाली शंभर वर्षं सर्वपित्रीला येतोय त्याला आता कशाला नवीन तारीख, गोंधळेल. स्वयंपाक नेहमीचा, खीर, वडे, भाज्या, आमसुलाची चटणी. मी पानं वाढत होते. शेवटचं पान घेतलं, वडा ठेवणार तेवढ्यात आजीने हात धरला.

"त्याला वडा नको. हगवण झालेला माणूस आहे."

तात्या म्हणाले आई, हे असं शास्त्रात नाही. आजीने ऐकलंच नाही. स्वतः उठली, गुडघ्यांवर हात ठेवून ठेवून ओट्यापर्यंत गेली, कुकरमधला भात वाटीभर काढून पाणी घालून परत शिजवला, घोटून अगदी मऊ केला, वर ताक, कणभर मीठ, आणि शेजारी वाटीत डाळिंबाच्या सालीचा काढा. आम्ही सगळे ताटकळत. साल कुठून आणली तर म्हणे कालच ठेवली होती सुकवायला. म्हणजे तिचं आधीच ठरलं होतं.

सगळी पानं गच्चीत नेऊन ठेवली. दहा मिनिटं कोणी येईना, मग एक कावळा आला, कठड्यावरून मान तिरकी करून बघितलं आणि नीट चालत जाऊन दुसऱ्या पानातला वडा घेऊन उडाला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं. आजी म्हणाली, "ते माझे सासरे असतील, त्यांना धीर नव्हताच. तो येईल सावकाश, तुम्ही जेवायला बसा."